उंबरठ्यापर्यंतचा अधिकार : पदव्युत्तर प्रवेशातील परीक्षागुणांचा आढावा

पदव्युत्तर शिक्षणाच्या मोजक्या जागांसाठी हजारो उमेदवार पुढे येतात, तेव्हा त्यांच्यातून निवड कशाच्या आधारे करावी, या प्रश्नाला गेल्या शतकात सर्वाधिक वेळा दिले गेलेले उत्तर म्हणजे प्रमाणित परीक्षा. एकाच अभ्यासक्रमावर, एकाच वेळमर्यादेत घेतली जाणारी, एकाच मोजपट्टीने तपासली जाणारी आणि परीक्षार्थी कोणत्या गावचा, कोणत्या महाविद्यालयाचा वा कोणाच्या ओळखीचा आहे हे न पाहणारी परीक्षा, असा या संज्ञेचा अर्थ आहे. या परीक्षेतील गुणांना निवडीत किती वजन द्यावे, यावर मात्र कधीच एकमत झालेले नाही. काहींच्या मते गुण हाच एकमेव निःपक्षपाती निकष आहे, तर काहींच्या मते तीन तासांत मिळवलेला आकडा संशोधकाची चिकाटी, कल्पकता आणि जिज्ञासा यांच्याविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. प्रस्तुत लेखात या वादाच्या सर्व बाजूंचा आढावा घेतला असून, त्यासाठी छत्तीसगडमधील भिलाई हे शहर केंद्रस्थानी ठेवले आहे. कारण प्रवेश देणारी राष्ट्रीय संस्था आणि प्रवेश मागणारे, फारशी ओळखदेख नसलेले विद्यार्थी हे दोन्ही घटक या एकाच शहरात एकमेकांच्या शेजारी नांदतात.

पोलादनगरी आणि तिची महाविद्यालये

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याबरोबर सेक्टरांत विभागलेली वसाहत आली, वसाहतीबरोबर शाळा आल्या आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांत अभियंता होणे ही घरोघरची आकांक्षा बनली. नागपूर-गोंदिया-राजनांदगाव-दुर्ग या लोहमार्गाने पूर्वेकडे सरकलेली मराठी कुटुंबेही या वसाहतीचा भाग झाली. रायपूरला १९५६ साली खाणकाम व धातुशास्त्राचे शासकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि तेच पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था, म्हणजे एनआयटी, झाले. दुर्गमध्ये १९८६ साली भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली, २००५ पासून छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ कार्यरत झाले आणि २०१६ मध्ये आयआयटी भिलाईची स्थापना झाली. ही संस्था आरंभी रायपूरजवळ सेजबहार येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात चालत असे. दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाठा येथील तिचा कायमचा परिसर २० फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला समर्पित झाला.

या घटनाक्रमामुळे एक वेगळी परिस्थिती निर्माण झाली. भिलाई-दुर्गच्या महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरापासून आयआयटी काही किलोमीटरवर आली. पण तिच्या एम.टेक. वा पीएच.डी.च्या वर्गात शिरण्याची वाट गावातून न जाता राष्ट्रीय परीक्षेतून जाते आणि त्या वाटेवर तो देशभरातील लाखो उमेदवारांपैकी एक असतो. म्हणूनच परीक्षागुणांच्या वजनाचा प्रश्न येथे केवळ तात्त्विक राहत नाही.

परीक्षेपूर्वीचा काळ

परीक्षागुणांचे मोल ठरवण्यापूर्वी त्यांच्या अभावी निवड कशी होत असे, हे पाहणे उपयुक्त ठरते. आनंदीबाई जोशी १८८३ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा त्यांच्या हाती कोणत्याही प्रवेशपरीक्षेचा गुणांक नव्हता; त्यांनी स्वतः लिहिलेले पत्र आणि अमेरिकेतील हितचिंतकांचा पाठिंबा हाच त्यांचा आधार होता. डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून मिळवलेली पदवी आणि बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती यांच्या बळावर. या दोन्ही निवडी इतिहासाने सार्थ ठरवल्या असल्या, तरी दोन्हींमध्ये योग्य वेळी योग्य माणसापर्यंत पोहोचणे निर्णायक होते. आणि ज्यांच्यापाशी तितकीच पात्रता होती, पण ज्यांचे पत्र कोणापर्यंत पोहोचले नाही, त्यांची नोंद इतिहासात नाही.

अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशासाठीची जीआरई ही परीक्षा १९३६ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठान आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या विद्यापीठांच्या पुढाकाराने प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. वेगवेगळ्या महाविद्यालयांतील गुणपत्रिका एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत, ही अडचण तिच्यामागे होती. हीच अडचण भारतात अधिक तीव्र स्वरूपात आहे. शेकडो विद्यापीठे, त्यांच्या निरनिराळ्या मूल्यमापनपद्धती आणि अंतर्गत गुणांतील उदारता वा काटेकोरपणा यांमुळे एका विद्यापीठातील ८५ टक्के आणि दुसऱ्यातील ७० टक्के यांत अधिक गुणी कोण, हे गुणपत्रिका पाहून सांगता येत नाही.

गुणांक तयार कसा होतो

अभियांत्रिकीतील पदव्युत्तर प्रवेशासाठीची 'गेट' ही परीक्षा बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि सात जुन्या आयआयटी मिळून घेतात. तीन तासांत ६५ प्रश्न व १०० गुण असे तिचे स्वरूप असून त्यांतील १५ गुण सामान्य अभिक्षमतेला असतात. बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एका गुणाच्या प्रश्नाला एक-तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन-तृतीयांश गुण वजा होतात. उत्तर म्हणून संख्या टंकित करायच्या किंवा एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणाऱ्या प्रश्नांना मात्र अशी वजावट नसते. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा २५ गुण किंवा त्या विषयातील सरासरी अधिक एक प्रमाण विचलन, यांपैकी जे जास्त असेल त्यावर ठरते. प्रमाण विचलन म्हणजे उमेदवारांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत, याचे माप. सन २०२४ मध्ये सुमारे साडेसहा लाख उमेदवार परीक्षेला बसले आणि त्यांपैकी सुमारे १ लाख २९ हजार पात्र ठरले, म्हणजे पाचांतील चार उमेदवार पहिल्याच रेषेवर अडले.

मिळालेले गुण थेट वापरले जात नाहीत. त्यांचे हजारपैकी अशा गुणांकात रूपांतर केले जाते. पात्रतेच्या रेषेला ३५० आणि सर्वोच्च ०.१ टक्का किंवा पहिले दहा उमेदवार, यांपैकी जो गट मोठा असेल त्याच्या सरासरी गुणांना ९०० असा गुणांक देऊन मधल्या सर्वांचे स्थान सरळ प्रमाणाने ठरवतात. संगणकशास्त्रासारख्या विषयाची परीक्षा एकाहून अधिक सत्रांत झाल्यास, सोप्या-कठीण प्रश्नपत्रिकांतील फरक काढून टाकण्यासाठी आधी सामान्यीकरण, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतले 'नॉर्मलायझेशन', केले जाते. हा गुणांक तीन वर्षे ग्राह्य असतो.

या पद्धतीचा एक परिणाम आकड्यांनीच स्पष्ट होतो. एखाद्या विषयात पात्रतेची रेषा २७ गुणांवर आणि वरच्या गटाची सरासरी ८२ गुणांवर आहे, असे उदाहरणापुरते मानले, तर ५५ गुणांच्या अंतरावर ५५० गुणांक पसरतात आणि एक गुण दहा गुणांकांइतका होतो. अशा वेळी ६० गुण मिळवणाऱ्याचा गुणांक ६८० येतो. त्याने दोन गुणांचा एकच बहुपर्यायी प्रश्न चुकवला, तर मिळणारे दोन गुण जाऊन वर दोन-तृतीयांश गुणांची वजावट होते आणि तोच गुणांक ६५३ च्या आसपास उतरतो. यादीच्या मधल्या, दाटीच्या भागात एवढ्या फरकाने क्रमांक कुठल्या कुठे जातो आणि संस्था वा शाखा बदलते. प्रत्येक मोजमापात काही चूक अंगभूत असते. तोच विद्यार्थी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या प्रश्नपत्रिकेला बसला असता तर त्याचे गुण थोडे वरखाली झाले असते. मापनातील या अपरिहार्य डळमळीला मापनदोष म्हणतात आणि गुणांकाला दिले जाणारे वजन या दोषाच्या मर्यादेपलीकडे जाऊ नये, ही मोजमापाच्या शास्त्राची मूलभूत शिकवण आहे. ४०० आणि ७०० या गुणांकांतील फरक खरा असतो. ६५३ आणि ६८० यांतील फरकाबद्दल तितकी खात्री बाळगता येत नाही.

वजनाच्या चार पद्धती

भारतात आणि परदेशात परीक्षागुणांना वजन देण्याच्या चार पद्धती ढोबळमानाने दिसतात. पहिल्या पद्धतीत गुण हाच संपूर्ण निकष असतो. एनआयटीच्या एम.टेक.साठीची सीसीएमटी ही केंद्रीय समुपदेशन-प्रक्रिया याचे ठळक उदाहरण असून रायपूर वा नागपूरच्या एनआयटीतील जागा तेथे गेटचा गुणांक, आरक्षणाचा प्रवर्ग आणि उमेदवाराचा पसंतीक्रम यांवर वाटल्या जातात. वैद्यकीय पदव्युत्तर जागांसाठीची नीट-पीजी हीदेखील याच जातीची आहे. दुसऱ्या पद्धतीत गुण चाळणीचे काम करतात आणि निवड पुढे लेखी चाचणी किंवा मुलाखतीवर होते. आयआयटींतील पीएच.डी. प्रवेश बहुतांशी असेच होतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही लेखी परीक्षेतून निवडक उमेदवारांना बोलावून मुलाखतीनंतर निर्णय घेते. भौतिकशास्त्रातील संशोधनासाठी अनेक संस्था जी 'जेस्ट' परीक्षा मानतात, तिच्या पूर्ण नावातच चाळणी ('स्क्रीनिंग') हा शब्द आहे.

तिसरी पद्धत संमिश्र गुणांकनाची. रायपूरची आयआयएम २०१० मध्ये आणि नागपूरची २०१५ मध्ये सुरू झाली; या व्यवस्थापन-संस्थांच्या कुळात त्यांच्या कॅट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांबरोबर दहावी, बारावी व पदवीचे गुण, कामाचा अनुभव आणि मुलाखत यांना ठरावीक टक्के वजन देऊन एकच बेरीज करण्याची प्रथा आहे. चौथी पद्धत अमेरिकी विद्यापीठांची, जिला तेथे समग्र विचार म्हणतात. तिच्यात उमेदवाराचे उद्देशपत्र, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, संशोधनाचा अनुभव आणि परीक्षागुण हे सर्व एकत्र वाचले जाते आणि कोणत्याही घटकाचे वजन आकड्यात जाहीर केले जात नाही. समाजशास्त्रज्ञ ज्युली पॉसेल्ट यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा निवडसमित्यांच्या बैठकांचे प्रत्यक्ष निरीक्षण मांडले असून, गुणांना अंतिम निर्णयात फारसे स्थान नसल्याचे सांगणाऱ्या समित्यांतही पहिल्या फेरीत त्यांचा प्रभाव मोठा असतो, हे त्यातून दिसते.

या चारही पद्धती शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते : अर्जांची संख्या जितकी मोठी आणि ते वाचणारे हात जितके थोडे, तितके गुणांचे वजन वाढते. हे वजन ज्ञानशास्त्रीय कारणांपेक्षा प्रशासकीय सोयीतून वाढलेले असते आणि म्हणूनच त्याची वेळोवेळी तपासणी होणे आवश्यक ठरते. खुद्द आयआयटींनी आपल्या नियमांत या मर्यादेची कबुली दिलेली आहे. कारण आयआयटीतून चांगल्या श्रेणीने, बहुधा दहापैकी आठ किंवा अधिक सरासरीने, पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांना अनेक ठिकाणी गेटमधून सूट मिळते. चार वर्षांच्या विश्वासार्ह कामगिरीची नोंद हाती असेल तर तीन तासांच्या परीक्षेची गरज नाही, असा या सुटीचा तर्क आहे आणि तो योग्यही आहे. मात्र भिलाईच्या एखाद्या खासगी महाविद्यालयातील, तितक्याच सातत्याने उत्तम काम करणाऱ्या विद्यार्थ्याची चार वर्षे त्याच तर्काने वाचली जात नाहीत, ही त्यातील विषमता आहे.

गुण पुढचे काय सांगतात

परीक्षेतील यशावरून पुढच्या शिक्षणातील यशाचा अंदाज किती बांधता येतो, याला भाकीतक्षमता म्हणतात. या विषयावरील सर्वाधिक संशोधन जीआरईबद्दल झाले आहे. नेथन कुन्सेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ८२,६५९ विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात जीआरईचे गुण आणि पदवीचे गुण हे दोन्ही पदव्युत्तर वर्गातील गुणांचा, सर्वंकष परीक्षांतील यशाचा आणि प्राध्यापकांनी केलेल्या मूल्यमापनाचा अंदाज देतात, असे आढळले. शिवाय सामान्य बुद्धिमापनाच्या भागापेक्षा विषयनिहाय परीक्षांचा अंदाज अधिक चांगला ठरला. याउलट व्हँडरबिल्ट विद्यापीठातील जीववैद्यकशास्त्राच्या ६८३ विद्यार्थ्यांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जीआरईचे गुण पहिल्या सत्रातील गुणांचा बऱ्यापैकी अंदाज देतात, पण पीएच.डी. पूर्ण होईल की नाही, त्यास किती काळ लागेल आणि किती शोधनिबंध प्रसिद्ध होतील, यांविषयी काहीच सांगत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील अभ्यासात शोधनिबंधांच्या बाबतीत शिफारसपत्रे गुणांपेक्षा अधिक बोलकी ठरली. भौतिकशास्त्राच्या २७ विभागांतील सुमारे चार हजार विद्यार्थ्यांवर २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासानेही जीआरईच्या आधारे पीएच.डी. पूर्ण होण्याचे विश्वसनीय भाकीत करता येत नाही, असे म्हटले आणि अमेरिकेतील अनेक विभागांनी या काळात ही परीक्षा ऐच्छिक केली किंवा वगळली.

या निष्कर्षांवर आलेला आक्षेप मराठी वाचकाने नीट समजून घेण्याजोगा आहे. हे अभ्यास प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांवरच होतात. ज्यांना नाकारले गेले, ते पुढे कसे शिकले असते हे कोणालाही पाहता येत नाही. ज्यांचे गुण कमी असूनही प्रवेश झाला, त्यांच्यापाशी सहसा दुसरे काहीतरी भक्कम होते, उदाहरणार्थ संशोधनाचा अनुभव किंवा वजनदार शिफारस. त्यामुळे निवडलेल्यांच्या गटात गुणांचा परिणाम पुसट झालेला दिसतो. संख्याशास्त्रात याला व्याप्तिसंकोच म्हणतात. कुस्तीच्या एकाच वजनगटातल्या मल्लांकडे पाहून वजनाचा कुस्तीशी संबंध नाही असा निष्कर्ष काढावा, तशी ही चूक असते. मायकल वाइसमन यांनी २०२० मध्ये भौतिकशास्त्रावरील अभ्यासाची याच अंगाने सविस्तर चिकित्सा केली.

या परदेशी निष्कर्षांवरून गेटविषयी घाईने बोलणे मात्र चूक ठरेल. जीआरईचा सामान्य भाग शालेय गणित आणि इंग्रजी शब्दसंग्रह तपासतो, तर गेट ही पदवी-अभ्यासक्रमावरील विषयपरीक्षा आहे. आणि विषयपरीक्षांची भाकीतक्षमता अधिक असते, हे २००१ च्या विश्लेषणातून पुढे आलेच आहे. दुसरे असे की, एम.टेक. आणि पीएच.डी. या दोन वेगळ्या वाटा आहेत. एम.टेक.चा पहिला भाग वर्गातील अभ्यासक्रमाचा असतो आणि तेथे उष्मागतिकी किंवा अल्गोरिदम यांचा पाया पक्का असणे थेट उपयोगी पडते, तर पीएच.डी.मध्ये ज्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही त्यावर वर्षानुवर्षे टिकून राहावे लागते आणि ही क्षमता वेळ लावून घेतलेल्या परीक्षेत दिसत नाही. म्हणून एकाच गुणांकाला दोन्ही ठिकाणी सारखेच वजन देणे समर्थनीय नाही; एम.टेक.मध्ये ते मोठे आणि पीएच.डी.मध्ये मर्यादित असणे, हे उपलब्ध पुराव्याशी अधिक सुसंगत आहे.

मुलाखतीचा धोका

गुणांचे वजन कमी करताच रिकामी झालेली जागा दुसऱ्या कशाने तरी भरली जाते आणि भारतात ती बहुधा मुलाखतीने भरते. मुलाखतीत विचार करण्याची रीत दिसते, चुकीच्या उत्तरामागचा बरोबर तर्क दिसतो, ही तिची खरी शक्ती आहे. परंतु मुलाखत घेणाऱ्याला उमेदवाराचे आडनाव, उच्चार, कपडे आणि महाविद्यालयाचे नावही दिसते. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाने मुलाखतीला एक-तृतीयांश गुण ठेवले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने अजय हासिया खटल्यातील १९८० च्या निकालात ते प्रमाण अवाजवी ठरवले, अशा प्रवेशांत १५ टक्क्यांहून अधिक वजन गैर मानले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याची सूचनाही केली. तो निकाल पदवीप्रवेशापुरता असला, तरी त्यातील चिंता पदव्युत्तर पातळीवरही तितकीच खरी आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या पीएच.डी. नियमावलीत लेखी परीक्षा ५० टक्के गुणांची केवळ पात्रता-पायरी ठरली आणि निवड मुलाखतीवर आली. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यावर तीव्र विरोध उमटला. त्याच विद्यापीठाच्या अब्दुल नाफे समितीने लेखी आणि तोंडी गुणांतील तफावतीचा अभ्यास करून, वंचित गटांतील उमेदवारांबाबत भेदभावाची शक्यता नोंदवत मुलाखतीचे गुण कमी करण्याची शिफारस आधीच केलेली होती. अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिल्लीच्या 'एम्स'विषयी २००७ मध्ये दिलेल्या अहवालातही अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षांविषयीच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. अखेर २०१८ मध्ये आयोगाने लेखी परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के असे प्रमाण आणले आणि नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत ते कायम ठेवले. मार्च २०२४ मध्ये अध्यापकपद व संशोधन-शिष्यवृत्ती यांसाठीच्या नेट (यूजीसी-नेट) या पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी वापरण्याची सोय झाली, तेव्हाही शिष्यवृत्तीविना पात्र ठरणाऱ्या उमेदवारांसाठी हेच प्रमाण ठरले. सत्तर-तीस हा आकडा अशा रीतीने अनुभवातून, तक्रारींतून आणि दुरुस्त्यांतून घडलेला आहे.

शिफारसपत्रांनाही हाच धोका आहे. शिफारस लिहिणाऱ्या प्राध्यापकाचे नाव वाचणाऱ्याला माहीत असेल, तरच तिचे वजन पडते. दुर्ग-भिलाईतील एखाद्या निष्ठावान अध्यापकाने लिहिलेले प्रामाणिक पत्र दूरच्या समितीसमोर अनोळखी ठरते, तर नामवंत प्रयोगशाळेतील दोन महिन्यांच्या उन्हाळी प्रशिक्षणानंतर मिळालेले चार ओळींचे पत्र मोलाचे मानले जाते. ज्याच्यापाशी ओळख नाही, त्याच्यासाठी परीक्षेतील क्रमांक हेच एकमेव शिफारसपत्र असते आणि परीक्षा सरसकट रद्द करण्याच्या सूचनेला भिलाईसारख्या शहरातून सर्वांत ठाम विरोध का व्हावा, याचे कारण हेच आहे.

परीक्षेच्या आतील विषमता

तथापि परीक्षा निःपक्षपाती असली तरी तिच्या दारापर्यंत पोहोचण्याची वाट सर्वांसाठी सारखी नसते. शिकवणीवर्गांची फी, तयारीसाठी वर्षभर घरी थांबण्याची म्हणजे 'ड्रॉप' घेण्याची ऐपत आणि भाषा, ही तीन कारणे येथे प्रमुख आहेत. पदवीपूर्व जेईई मेन ही परीक्षा २०२१ पासून मराठीसह तेरा भाषांत देता येते. पदव्युत्तर पातळीवरच्या गेट आणि कॅट मात्र इंग्रजीतच होतात. अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण इंग्रजीतून झालेले असले, तरी हिंदी वा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला प्रश्न वाचण्यात जाणारे काही सेकंद गुणांत मोजले जातात. खर्चाच्या बाबतीत देशांतर्गत परीक्षा अधिक उदार आहेत : २०२५ च्या गेटचे नियमित शुल्क १,८०० रुपये आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांसाठी ९०० रुपये होते, तर जीआरईसाठी भारतात वीस हजार रुपयांहून अधिक मोजावे लागतात.

परीक्षेला जोडलेल्या इतर लाभांमुळेही तिच्या गुणांचा अर्थ बदलतो. गेटच्या बळावर एम.टेक.ला दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन मिळते आणि एनटीपीसी, ओएनजीसी यांसारख्या सार्वजनिक उद्योगांनी नोकरभरतीसाठीही हा गुणांक वापरला आहे. पोलादनगरीत वाढलेल्या, सरकारी उद्योगातील नोकरीचे स्थैर्य घरात अनुभवलेल्या तरुणाला गेट ही संशोधनाच्या वाटेपेक्षा नोकरीची वाट वाटणे स्वाभाविक आहे. परिणामी परीक्षेत वरच्या क्रमांकावर असणाऱ्यांत संशोधनाची ओढ असलेले आणि नसलेले असे दोघेही असतात आणि गुणांक त्यांच्यात फरक करू शकत नाही.

रेषा हलते तेव्हा

पात्रतेची रेषा गुणवत्तेने ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती पुष्कळदा जागांच्या संख्येने ठरते. वैद्यकीय पदव्युत्तर जागा रिकाम्या राहत असल्यामुळे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये नीट-पीजीची पात्रता सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. पर्सेंटाइल म्हणजे आपल्या खाली किती टक्के उमेदवार आहेत हे सांगणारा आकडा; तो शून्यावर आला याचा अर्थ परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र ठरला. त्याच परीक्षेचे २०२४ मध्ये दोन सत्रांत आयोजन झाल्यावर सामान्यीकरणावरून वाद झाला आणि पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती एकाच सत्रात घेण्याचा आदेश दिला. त्यानुसार ३ ऑगस्ट २०२५ रोजी ती झाली. यूजीसी-नेट १८ जून २०२४ रोजी घेऊन दुसऱ्याच दिवशी रद्द करावी लागली आणि नऊ लाखांहून अधिक उमेदवारांचे श्रम टांगणीला लागले. गुणांना जितके अधिक वजन, तितकी परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेवरची जबाबदारी मोठी, हा या घटनांतील धडा आहे. कारण प्रवेशाचा सारा भार एका दिवसावर टाकला असता त्या दिवसाची चूक निस्तरायला दुसरा कोणताही आधार उरत नाही.

निष्कर्ष

या सर्व पुराव्यांवरून परीक्षागुणांचा अधिकार कोठपर्यंत मानावा, याचे उत्तर बऱ्याच स्पष्टतेने देता येते. उमेदवाराची विषयाची तयारी पुरेशी आहे की नाही, हे विषयपरीक्षा इतर कोणत्याही साधनापेक्षा अधिक न्यायाने सांगते आणि ओळखीविना आलेल्या विद्यार्थ्याला उंबरठ्यापर्यंत आणून पोहोचवण्याचे तिचे काम दुसरे कोणीही करत नाही. म्हणून ती टिकली पाहिजे. मात्र उंबरठा ओलांडलेल्यांमधील बारीक फरकांना गुणवत्तेचा क्रम मानणे मोजमापाच्या मर्यादेत बसत नाही. मापनदोषाच्या पट्ट्यात येणारे गुणांक समान मानावेत आणि त्या पट्ट्यातील निवड पदवीकाळातील प्रकल्प, त्याचा अहवाल आणि त्यावरील चर्चा यांच्या आधारे करावी, ही अधिक न्याय्य रीत ठरेल. मुलाखतीत सर्वांना सारखे मूळ प्रश्न विचारावेत, प्रत्येक सदस्याने स्वतंत्रपणे गुण द्यावेत, संभाषणाची ध्वनिमुद्रित नोंद ठेवावी आणि उमेदवाराला आपला तर्क हिंदीत वा मराठीत मांडण्याची मोकळीक द्यावी. तांत्रिक संज्ञा इंग्रजीत राहिल्या तरी विचार मातृभाषेत अधिक स्वच्छ उमटतो. त्याचबरोबर प्रत्येक संस्थेने प्रवेशावेळचे गुणांक आणि पुढील वर्षांतील प्रगती यांची सांगड घालणारी माहिती, नावे वगळून, दरवर्षी प्रसिद्ध करावी, म्हणजे वजनाचे प्रमाण परंपरेने न ठरता पुराव्याने ठरेल.

आयआयटी भिलाई ही वयाने लहान संस्था आहे आणि तिच्या प्रथा अजून घडत आहेत. कुटेलाभाठ्याच्या परिसराभोवती दुर्ग, भिलाई आणि रायपूर येथील महाविद्यालयांचे दाट जाळे आहे; तेथील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आपले प्रकल्प संस्थेतील प्राध्यापकांसमोर मांडण्याची नियमित सोय झाली, तर त्यांच्या कामाला वाचणारे डोळे मिळतील आणि पुढे देशातील कोणत्याही संस्थेकडे अर्ज करताना गुणांकाशेजारी ठेवायला त्यांच्याजवळ आणखी एक विश्वासार्ह नोंद असेल. झोतभट्टीतून निघणाऱ्या लोखंडाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून मगच त्याचा पुढचा उपयोग ठरवायचा, ही शिस्त या शहराच्या रोजच्या कामाचा भाग आहे. पदव्युत्तर प्रवेशातही एका मापावर न विसंबता माणसाच्या कामाची अशी प्रत्यक्ष पारख व्हावी, ही अपेक्षा येथून व्यक्त होणे सर्वस्वी उचित आहे.